फुलपाखरांची टपाल तिकिटं: विदर्भाच्या हवेत जमवायची कशी, टिकवायची कशी

‘१०० फुलपाखरं, ३० देश’ असं छापलेलं पाकीट स्वस्तात मिळतं आणि नवा संग्राहक बहुधा तिथूनच सुरुवात करतो. ते पाकीट आधी घेऊ नका. त्यातली बरीच तिकिटं कधी कुठल्या पत्रावर चढलेलीच नसतात. ओळखायची खूण सोपी आहे. कोपऱ्यात गोल शिक्क्याचा नेमका पाव तुकडा असतो, अगदी रेखीव. तिकीट उलटून पाहिलं की मागचा गोंद जसाच्या तसा. असा शिक्का टपालासाठी नाही, विक्रेत्यांच्या गठ्ठ्यांसाठी मारलेला असतो. अशा तिकिटांना ‘सीटीओ’ (कॅन्सल्ड टू ऑर्डर) म्हणतात. चित्र पाहायला ती ठीक आहेत, पण पुढे बदलाबदलीत त्यांना कुणी हात लावत नाही.

भारताची तिकिटं आधी घ्या. ती मोजकी आहेत, त्यामुळे हा कप्पा पूर्ण होऊ शकतो. २० ऑक्टोबर १९८१ ला चार फुलपाखरांची मालिका निघाली. ३५ पैशांवर स्टिकोफ्थाल्मा कामदेवा (हो, आपला कामदेवच), ५० पैशांवर सेथोसिया बिब्लिस, १ रुपयावर पंखांवर नकाशासारख्या रेषा असलेलं सायरेस्टिस आणि २ रुपयांवर पूर्व हिमालयातलं कैसर-ए-हिंद. सन २००० च्या निसर्गविषयक नेहमीच्या वापराच्या मालिकेत १५ रुपयांचं फुलपाखरू आहे. ते वापरलेल्या पाकिटावर मिळालं तर सुटं करू नका. २ जानेवारी २००८ ला अंदमान-निकोबारच्या स्थानिक फुलपाखरांची प्रत्येकी ५ रुपयांची चार तिकिटं आली आणि सोबत मिनिएचर शीटही, म्हणजे चारही तिकिटं एकत्र छापलेला छोटा कागद. तिकिटांचा संच आणि शीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शीट फाडून चार तिकिटं काढायचा मोह टाळा.

परदेशी तिकिटांत ठरावीक टप्पे धरून चला. १९५० चं सारावाकचं १ सेंटचं तिकीट राजा ब्रुकच्या बर्डविंगचं आहे आणि फुलपाखराच्या संग्रहात ते पहिल्या पानावर बसतं. त्याच वर्षापासून स्वित्झर्लंडने मुलांच्या मदतनिधीच्या ‘प्रो युव्हेंट्युट’ तिकिटांवर कीटक घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेचा १९७७ चा १३ सेंटचा चौकडा आणि ब्रिटनचा १९८१ चा चार तिकिटांचा संच दोन्ही सहज सापडतात. भूतानने १९६८ मध्ये फुलपाखरांची त्रिमिती तिकिटं काढली. त्यांच्यावर रेघारेघांचा प्लास्टिकचा थर असतो. ती पाण्यात घालायची नाहीत आणि वजनाखाली दाबायची नाहीत. थर सुटला की तिकीट गेलं.

गावात बसून तिकिटं मिळवायची

गावातल्या शाखा डाकघरात साधी, नेहमीच्या वापराची तिकिटंच असतात. स्मारक तिकिटं मोठ्या कार्यालयांत येतात. तिकीटसंग्रहासाठीची स्वतंत्र खिडकी, म्हणजे फिलाटेलिक ब्युरो, नागपूरच्या जीपीओत आहे. दर महिन्याला नागपूरची एसटी पकडण्यापेक्षा फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडा. त्यासाठी किमान २०० रुपये जमा लागतात. फॉर्मवर काय हवं ते लिहायचं: सुटी तिकिटं, मिनिएचर शीट, प्रथम दिवस आवरण (तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट), माहितीपत्रक, आणि प्रत्येकाचे किती नग. नवीन तिकीट निघालं की पाकीट घरी येतं आणि तेवढे पैसे खात्यातून वळते होतात.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे खात्यातली रक्कम संपली की पाकिटं यायची थांबतात आणि चार महिने ते लक्षातच येत नाही. शंभर रुपये उरले की भरणा करा. दुसरी अडचण पावसाळ्यातली. जुलै-ऑगस्टमध्ये टपालवाल्याच्या थैलीत पाकीट ओलावतं, वाकतं. ओलसर पाकीट आलं तर ते लगेच फोडून तिकिटं ओढून काढू नका. आधी पंख्यापासून दूर, सावलीत पूर्ण सुकू द्या आणि मग कडेने कापा. ओला गोंद आतल्या कागदाला धरलेला असतो. ओढलं की मागचा पापुद्रा निघतो आणि तिकीट कायमचं पातळ होतं.

खात्यातून फक्त नवीन येतं. जुनं शोधायचं तर जुन्या कागदपत्रांत शोधा. ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी, वकिलाचं ऑफिस, मुख्याध्यापकांची कपाटं, दवाखाना. हल्ली बहुतेक टपालावर बारकोडचं स्टिकर असतं, पण १९८१ ते २००० च्या गठ्ठ्यांत खरी तिकिटं असतात. रद्दीवाल्याला सांगून ठेवा, मात्र फक्त ‘तिकिटं’ म्हणू नका. “तिकीट लागलेलं पाकीट अख्खं ठेवजो” असं सांगा. नाहीतर तो कैचीने दातांसकट (तिकिटाची छिद्रांची कड) कापून देईल. स्वतः पाठवायच्या पत्रांवरही फुलपाखराची तिकिटं लावा आणि खिडकीवर शिक्का हलका, स्पष्ट मारायची विनंती करा. आपल्या छोट्या गावाचं नाव वाचता येईल असा शिक्का पडलेलं पाकीट कोऱ्या तिकिटापेक्षा कितीतरी बोलकं असतं.

पाकिटावरून तिकीट सोडवणं

सोडवण्याआधी ठरवा की सोडवायचंच आहे का. तारीख आणि गाव स्पष्ट असेल तर पाकीट जसंच्या तसं ठेवा.

सोडवायचं ठरलं तर तिकिटाभोवती एक सेंटिमीटर कागद ठेवून कापा. कातरणं रंगानुसार वेगळी करा. सरकारी खाकी पाकिटं तपकिरी रंग सोडतात आणि लाल-हिरवी लग्नपत्रिकांची पाकिटं तर पाच मिनिटांत सगळा कटोरा रंगवतात. पांढऱ्या कागदावरची एकत्र भिजवा, रंगीत एकेकटी, थंड पाण्यात चिमूटभर मीठ टाकून.

पाणी बोअरचं नको. आपल्याकडे ते जड असतं आणि वाळल्यावर तिकिटावर पांढरट पूड राहते. फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. पाणी कोमट असावं. मे महिन्यात छतावरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, ते मुळीच वापरू नका. कढत पाण्यात काही शाया सुटतात आणि मागच्या कागदाचा लगदा चिकटतो. उथळ थाळीत चित्र वर करून तरंगत सोडा. १५ ते २० मिनिटांत कागद आपोआप सरकू लागतो. सरकत नसेल तर आणखी दहा मिनिटं द्या. नखाने सोलायचं नाही. नव्या संग्राहकांची बहुतेक तिकिटं या एका घाईने खराब होतात.

सुटलेलं तिकीट दुसऱ्या स्वच्छ पाण्यात मिनिटभर धरा आणि मागचा गुळगुळीतपणा बोटाने तपासा. गोंद उरला तर ते टिपकागदाला चिकटून बसेल. मग टिपकागदावर चित्र खाली करून ठेवा. वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते.

वाळवण्याची वेळ ऋतूवर ठरते. एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटांत तिकीट पापडासारखं वळतं, म्हणून अर्धवट ओलं असतानाच दोन टिपकागदांत घालून वर दोन-तीन जाड पुस्तकं ठेवा, २४ तास. पावसाळ्यात उलट होतं. दाबून ठेवलेलं दोन दिवस ओलंच राहतं आणि बुरशी धरते. त्या काळात बारा तासांनी टिपकागद बदला. उन्हात ठेवायचं नाही, कुठल्याही ऋतूत.

मागे स्टिकरसारखा चिकट थर असलेली परदेशी तिकिटं पाण्यात सुटत नाहीत. अमेरिकेची अलीकडची तिकिटं बहुतेक अशीच आहेत. ती कागदासकट, चारही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर सोडून सरळ कापा आणि तशीच ठेवा.

ऊन, कूलर, पाऊस आणि उधई

मुंबई-पुण्याकडच्या सूचना वाचून इथे संग्रह ठेवला तर निम्म्याच लागू पडतात. त्यांचा शत्रू एकच, दमट हवा. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठाक होते आणि कोऱ्या तिकिटाचा गोंद तडकतो. तीच तिकिटं ऑगस्टमध्ये एकमेकांना चिकटतात. त्यात घरात कूलर. खसच्या ताट्यांमधून येणारी हवा ओलीच असते. कूलरच्या झोतात किंवा त्याच खोलीत अल्बम उघडा ठेवला की भर उन्हाळ्यात पावसाळ्यासारखी बुरशी लागते. लोक आश्चर्य करतात की मेमध्ये तपकिरी ठिपके कुठून आले. ते कूलरचे.

तिकिटांना ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. दोन-तीनशे रुपयांत छोटं डिजिटल आर्द्रतामापक मिळतं, ते डब्यातच ठेवा. हवाबंद झाकणाचा आठ-दहा लिटरचा प्लास्टिक डबा घ्या. जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत त्यात कापडी पुरचुंडीत बांधलेलं साधारण ५० ग्रॅम सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करा. दिवाळीनंतर ते काढून घ्या. बरेच जण ते वर्षभर तसंच ठेवतात आणि मग एप्रिलमध्ये गोंदाला जाळ्यासारख्या भेगा पडतात. कोरडेपणाही तेवढाच वाईट. मे महिन्यात दुपारी अल्बम उघडून बसू नका, सकाळी सातच्या आत पाहून घ्या.

डबा कुठे ठेवायचा? टिनाच्या छताखालच्या फडताळात नको आणि पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या लोखंडी कपाटातही नको, ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. कवेलूच्या घरात मधल्या खोलीचा खालचा भाग बरा, पण जमिनीला टेकवून नको. पेटीखाली विटा द्या आणि भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. उधई भिंतीतून वर येते, पेटीच्या तळाला मातीची नळी दिसली की त्या दिवशीच सगळं बाहेर काढा. कसर हा दुसरा किडा. तो गोंदासाठी येतो आणि तिकिटाचा पृष्ठभाग खरवडतो. त्याच्यासाठी डांबरगोळ्या डब्यात टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ होऊन तिकिटांना चिकटतं. कडुनिंबाचा पाला पेटीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायला हरकत नाही. मात्र तो पूर्ण वाळलेला हवा आणि तिकिटांना लागता कामा नये, डाग पडतो. खरं औषध म्हणजे दोन महिन्यांतून एकदा पानन् पान उलटणं.

स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायची वही, उभी ठेवा, थप्पी लावू नका. थप्पीतल्या खालच्या वहीवर वजन येतं आणि गोंद चिकटतो. स्वस्त अल्बमची पानं पीव्हीसीची असतात. त्यातला तेलकट पदार्थ उष्णतेत बाहेर येतो आणि तिकिटाचे रंग ओढतो. पान हाताला चिकट लागत असेल, नव्या रेक्झिनसारखा वास येत असेल, तर त्यात चांगलं तिकीट ठेवू नका. जादा नगांसाठी ग्लासीन कागदाची पाकिटं पुरेशी आहेत.

तिकिटं एकमेकांना चिकटलीच तर पाण्यात टाकू नका, गोंद जाईल. झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज, त्यावर जाळी आणि जाळीवर चिकटलेली तिकिटं ठेवून डबा बंद करा. चार तासांनी पहिल्यांदा पाहा, मग दर दोन तासांनी. कड सैल झाली की चिमट्याने अलगद वेगळी करा आणि गोंदाची बाजू वर ठेवून सुकवा. रात्रभर विसरलं तर गोंद वितळून सगळं वाया जातं.

चिमटा तिकिटांचाच घ्या, चपट्या गोल टोकाचा. दवाखान्यातला टोकदार चिमटा दात मोडतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि दातांची पट्टी एवढं पुरे. दात मोजताना दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात तो आकडा धरतात. एकाच चित्राची वेगवेगळ्या दातांची तिकिटं निघालेली असतात, ती यावरूनच कळतात. फेव्हिकॉल आणि सेलोटेप यांचं नावही काढू नका. आपल्या उन्हाळ्यात टेपचा गोंद तिकिटात शिरून तपकिरी पट्टा पडतो आणि तो निघत नाही.

नाव तपासा, मग तिकीट चिकटवा

तिकिटावर छापलेलं नाव शेवटचं समजू नका. शास्त्रीय नावं बदलतात. सारावाकच्या तिकिटावरचं फुलपाखरू आज ट्रोगोनॉप्टेरा ब्रुकियाना म्हणून ओळखलं जातं, तर अंदमानच्या क्लबटेलला काही ठिकाणी पॅक्लिऑप्टा आणि काही ठिकाणी लोसारिया म्हणतात. पानाखाली तिकिटावरचं नाव आणि आजचं नाव दोन्ही लिहा. चित्रकारांच्या चुकाही सापडतात. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. मिशा पिसांसारख्या किंवा टोकाला निमुळत्या असतील तर तो पतंग असण्याची शक्यता मोठी. पतंग घ्यायचे की नाही हे सुरुवातीलाच ठरवा. भंडारा-गडचिरोलीकडचा माणूस टसर रेशमाच्या कोशाचा पतंग सोडेल असं वाटत नाही, आणि सोडूही नये. फक्त संग्रहाच्या नावात तसं लिहा.

देशाचं नावही तपासा. १९६० च्या दशकात आणि १९७२ पर्यंत अजमान, फुजैरा, उम्म अल कैवैन अशा आखाती संस्थानांच्या नावाने तिकिटांचा पूर आला होता. फुलपाखरं त्यात भरपूर आहेत आणि बहुतेकांना टपालाशी देणंघेणं नव्हतं. ‘नागालँड’ छापलेली लेबलं तर सरळ बनावट, भारतात टपाल खातं एकच आहे. रशियाच्या प्रांतांच्या नावाने निघालेल्या शीटचंही तेच. २००२ नंतरचं तिकीट असेल तर जागतिक टपाल संघाच्या डब्ल्यूएनएस या अधिकृत तिकिटांच्या यादीत शोधा. यादीत सगळे देश नाहीत, त्यामुळे तिथे सापडलं नाही एवढ्यावरून खोटं ठरवता येत नाही. मग कॅटलॉग पाहायचा. स्टॅनली गिबन्स, स्कॉट किंवा मिशेल यांपैकी एकाचाच क्रमांक सगळीकडे वापरा.

पानं लावायची कशी

देशवार लावलेली फुलपाखरं लवकर कंटाळवाणी होतात. एखाद्या झाडापासून सुरुवात करा. वरुड-मोर्शी, काटोलकडे संत्र्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सगळ्यांनी पाहिलेली असते. ती पॅपिलिओ डेमोलियसची, मोठी झाली की हिरवी होते. हे फुलपाखरू आशियातल्या अनेक देशांच्या तिकिटांवर आहे. त्याच्या शेजारी लिंबू-संत्र्याची तिकिटं लावली की पान बोलायला लागतं. पुढे बांधावरची रुई. तिच्या चिकावर वाढलेलं डॅनॉस क्रिसिपस हे फुलपाखरू विषारी असतं, पक्षी त्याला टाळतात, आणि हायपोलिम्नास मिसिपस या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याचं सोंग घेते. दोघांची तिकिटं शेजारी ठेवा आणि फरक बाणाने दाखवा. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, हीसुद्धा लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते, तिला याच धाग्यात जागा आहे. शेवटी ब्रिटनच्या १९८१ च्या संचातलं १८ पेन्सचं लार्ज ब्लू. त्याची अळी मुंग्यांच्या वारुळात वाढते. कुरणांतली चराई कमी झाली, गवत उंच वाढलं, त्या मुंग्या घटल्या आणि १९७९ मध्ये ते ब्रिटनमधून संपलं. तिकीट निघालं तेव्हा ते तिथे नव्हतंच. पुढे १९८० च्या दशकात स्वीडनहून आणून पुन्हा वसवलं.

संग्रह प्रदर्शनात मांडायचा असेल तर तिथल्या एका चौकटीत ए-४ आकाराची १६ पानं बसतात. विषयवार संग्रहाला १०० पैकी ३५ गुण मांडणी आणि आराखड्याला, ३० ज्ञानाला, ३० स्थिती आणि दुर्मिळतेला असतात. सजावटीला फक्त ५. म्हणजे चकाकत्या किनारी आणि रंगीत अक्षरांवर वेळ घालवू नका. फुलपाखराचा सचित्र शिक्का, टपाल खात्याचं छापील पोस्टकार्ड, मॅक्सिमम कार्ड (चित्राच्या बाजूला त्याच विषयाचं तिकीट आणि शिक्का असलेलं पोस्टकार्ड) चालतं. दुकानातलं नुसतं चित्रपोस्टकार्ड चालत नाही.

पानाला शाळेतला ड्रॉइंग शीट नको, दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो. आम्लमुक्त, १५०-१६० ग्रॅमचा कागद घ्या. कोरी तिकिटं माउंटमध्ये, म्हणजे पारदर्शक खोळीत लावा, माउंट तिकिटापेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठा कापा, घट्ट कापला तर उन्हाळ्यात तिकीट कमानीसारखं फुगतं. वापरलेल्या तिकिटांना हिंज, म्हणजे गोंद लावलेली छोटी कागदी पट्टी, चालतो. त्याचा एक तृतीयांश भाग दुमडा, टोक जिभेने नाही तर ओल्या स्पंजाने हलकं भिजवा आणि वरच्या दातांच्या जरा खाली चिकटवा. आवरणांना कोपऱ्यांचे त्रिकोण लावा. मजकूर तीन-चार ओळींपेक्षा जास्त नको.

घरात सहावी ते नववीतलं मूल असेल तर टपाल खात्याची दीनदयाल स्पर्श योजना पाहा. निवड झाली तर वर्षाला ६,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. मुलाच्या नावाने डिपॉझिट अकाउंट हवं किंवा शाळेत फिलाटेली क्लब हवा. लेखी प्रश्नमंजूषा आणि तिकिटांचा प्रकल्प असतो. प्रकल्पासाठी वरचा संत्रा-रुईचा धागा चार-पाच पानांत नीट बसतो. तिकिटं मात्र मुलालाच लावू द्या, आणि आधी आठवडाभर जादा नगांवर हिंजचा सराव करून घ्या.